मनाच्या दुखण्याचा सल्लागार निवडताना

आपल्या घरांत नवा मुनीम ठेवायचा झाला, तरी चार ठिकाणी चौकशी होते. सनदी लेखापाल बदलायचा तर महिनाभर विचार चालतो. उधारीवर माल देण्याआधी समोरच्याची पत, त्याचा बाजारातील व्यवहार, मागच्या पिढीचा शब्द या सर्वांची विचारपूस आपण करतो. परंतु घरातील कोणाची झोप उडाली, मन सतत धास्तावलेले राहू लागले आणि मानसोपचार घ्यावेत असे ठरले, की ही सारी चौकसबुद्धी कोठे जाते, हे मला कळत नाही. कोणीतरी एक नाव सुचवतो, तेही दबक्या आवाजात. शक्य तो दुसऱ्या गावातले, म्हणजे सोयरिकीच्या वेळी चर्चा नको. तेथे दोन वेळा जाणे होते, मन रमत नाही आणि ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असा निकाल लागतो. निकाल एका व्यक्तीविषयी असायला हवा होता. तो संपूर्ण उपचारशास्त्राविषयी दिला जातो.

माझ्या परिचयातील एका घाऊक धान्य व्यापाऱ्याचे असेच झाले. मोठी उधारी बुडाल्यानंतर त्यांना रात्री दोन वाजता जाग येई, आणि पहाटेपर्यंत तेच आकडे डोक्यात फिरत. गोदामाचे कुलूप पाहायला ते उठून जात. प्रथम ज्या तज्ज्ञांकडे गेले, ते बालपणाविषयी, वडिलांशी असलेल्या संबंधांविषयी विचारीत व बराच वेळ शांत बसत. गृहस्थांना हवी होती झोप. दोन भेटींत ते उठले आणि पुढे आठ महिने कोणाकडेच गेले नाहीत. त्या आठ महिन्यांत दुकान धाकट्या भावावर पडले आणि घरातील बोलणे जवळजवळ थांबले. नंतर दुसऱ्या एका बाईंनी त्यांना वही दिली : मनात आलेला विचार एका बाजूला लिहा, त्याला आधार काय ते दुसऱ्या बाजूला. जन्मभर जमा-नावे लिहिलेल्या माणसाला ही रीत पहिल्या दिवशी पटली. गंमत अशी, की त्याच बाईंकडे त्यांच्या विधवा वहिनी गेल्या, तेव्हा त्यांना ती वही मुळीच रुचली नाही. त्यांना कोणी तरी न टोकता ऐकणारे हवे होते. दोघांचेही बरोबर होते.

या दोन्ही रीतींमागे निरनिराळ्या परंपरा आहेत. भूतकाळ व नेणिवेतील गुंता उकलणारी पद्धत सिग्मंड फ्रॉईड यांच्यापासून चालत आली. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आणि एरन बेक यांनी १९६०च्या दशकात सध्याच्या विचारांची तपासणी करणाऱ्या पद्धती घडवल्या. वही येते ती याच घराण्यातून. लक्षात घेण्याजोगे म्हणजे हे दोघेही मुळात फ्रॉईडच्या परंपरेत तयार झालेले होते, आणि ती रीत अपुरी वाटली म्हणून त्यांनी दुसरी शोधली. एलिस यांची पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने मराठीत आणण्याचे मोठे कार्य कि. मो. फडके यांनी केले. कार्ल रॉजर्स यांनी मात्र सल्ला किंवा विश्लेषण यापेक्षा आस्थेने ऐकून घेण्यावर भर दिला. याखेरीज संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवून काम करणारेही असतात. सासू-सून किंवा भागीदार भावांमधील कोंडी असेल, तर एकट्याच्या भेटींपेक्षा ही रीत अधिक उपयोगी ठरू शकते.

पद्धतीच्या आधी पात्रता पाहावी. मानसोपचारतज्ज्ञ अर्थात सायकिॲट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधे तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. १९९२च्या कायद्यान्वये त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अतिशय भिन्न शिक्षणाच्या व्यक्ती लावतात. शिक्षण कोठे झाले, नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात अनादर नाही. बँकेत कर्ज मागणाऱ्याकडून आम्ही कागदपत्रे मागत असू, तेव्हा सज्जन माणूस कधी रागावत नसे.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातील नात्याचे तीन भाग सांगितले : कोठे पोहोचायचे याविषयी दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे याविषयी एकमत आणि परस्परांतील विश्वास. निवड करताना मला ही कसोटी सर्वांत व्यवहार्य वाटते. पहिल्याच भेटीत विचारावे : माझ्या अडचणीकडे आपण कसे पाहता? आपण नेमके काय करणार आणि मी घरी काय करायचे? साधारण किती भेटी लागतील, आणि फरक पडतो आहे हे आपण दोघे कशावरून ओळखणार? ‘शंभर टक्के बरे करतो’ असे कोणी म्हणाल्यास तेथून उठावे. डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद करायला सांगणारा, अथवा इतरांच्या घरच्या गोष्टी तुम्हाला ऐकवणाराही नको. उद्या तुमच्या गोष्टी तो दुसऱ्याला ऐकवील.

एक सावधगिरी उलट बाजूनेही हवी. न पटणे आणि जड जाणे यांत भेद आहे. दडवलेले दुःख बोलताना त्रास होणारच. त्या त्रासाला पद्धतीचा दोष समजू नये. म्हणून तीन-चार भेटी द्याव्यात आणि तरीही जुळत नसेल तर न सांगता बंद करण्याऐवजी समोरासमोर सांगावे. चांगला तज्ज्ञ एक तर रीत बदलतो, नाही तर योग्य व्यक्तीचे नाव स्वतः देतो.

आपल्या कुटुंबांच्या काही खास अडचणी आहेत. एकत्र कुटुंबाची जाण नसलेला सल्लागार प्रत्येक प्रश्नावर ‘वेगळे राहा’ म्हणू लागतो. पेढी, घर आणि भागीदारी एकाच धाग्यात गुंफलेली असतात, हे त्याला समजायला हवे. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीच्या गोळ्यांची वेळ सूर्यास्तापूर्वी बसवता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. आणि लिथियम हे औषध चालू असताना निर्जळी उपवास परस्पर कधीही करू नये : शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. पर्युषणाच्या आधीच ही गोष्ट डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

दुसरी अडचण गुप्ततेची. फी वडील देतात, म्हणून सज्ञान मुलगा आत काय बोलला हे विचारण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. खात्यात पैसे दुसऱ्याने भरले, म्हणून आम्ही त्याला खातेउतारा देत नसू. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याला थोडेच अपवाद आहेत. वडील काय विचारतील या भीतीने मुलगा गप्प बसला, तर पद्धत कितीही उत्तम असो, पैसे वाया गेले असे समजावे.

मात्र जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी बोलत असेल, तर पद्धत जुळते की नाही हे पाहत बसण्याची ती वेळ नव्हे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येते.

खर्चाविषयी थोडे. २०१७च्या याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करण्यास बांधले आहे. परंतु अनेक पॉलिसी केवळ रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, दर आठवड्याच्या भेटींची फी देत नाहीत. आपली पॉलिसी काढून बाह्यरुग्ण खर्चाचे कलम वाचून ठेवावे. त्या कलमांची भाषा क्लिष्ट असते; तिच्याविषयी पुढील अंकात लिहीन.