आईचं नाव नीट लिहा



माझं नाव शैलजा. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून आलं 'शैला'. "असू दे, आईचंच तर नाव," म्हणत मीच सोडून दिलं. पासपोर्टच्या वेळी तीच चूक आडवी आली. मग शाळा, प्रतिज्ञापत्र, बोर्ड अशा खेपा सुरू! वडिलांच्या नावात चूक असती तर मी गप्प बसले असते का?

मी कॉमर्सवाली, खतावणीतली चूक ताळेबंदापर्यंत नेऊ नये, हे मला ठाऊक हवं होतं. आपल्या धर्मात यालाच प्रमाद म्हणतात. दहावीची प्री-लिस्ट सहीला येते, तेव्हा जन्मदाखला हाती घेऊन आईचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. आपलं नाव नीट लिहून घेणं म्हणजे मानकषाय नव्हे.