विचारण्याचा हक्क आईला आणि सिस्टरलाही हवा

रुग्णालयात मुलाला औषधाने अपाय झाला की पहिला प्रश्न आईला येतो, "काय पाजलंस?" दुसरा सिस्टरला, "नीट वाचलं नाही का?" कागदावर मुळात काय लिहिले होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

मोठ्यांची गोळी बहुधा ठरलेली असते. मुलांचा डोस मात्र वजनावरून दर वेळी हिशेब करून काढावा लागतो. १० किलोच्या मुलाला तापासाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लागते. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ते ३ मिली होते. पण हाती १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स आले आणि कागदावर नुसते '३ मिली' असेल, तर दुप्पट औषध पोटात जाते. '१.०' मधला ठिपका पुसट झाला की थेट दहापट!

अमेरिकेतील दोन रुग्णालयांत मुलांसाठी लिहिलेल्या १०,७७८ औषधांची तपासणी झाली. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ६१६ चुका सापडल्या. ज्या चुकांनी मुलांना अपाय होऊ शकला असता, त्यांतल्या ७९ टक्के औषध लिहून देतानाच झाल्या होत्या. म्हणजे सुधारणा चमच्यापासून नव्हे, लेखणीपासून सुरू व्हायला हवी.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. प्रत्येक केसपेपरवर मुलाचे आजचे वजन किलोत हवे. औषधाचे नाव सुवाच्य, डोस मिलिग्रॅममध्ये आणि त्यामागचा हिशेबही लिहिलेला हवा. '१.०' नको, '१' लिहा, '.५' नको, '०.५' लिहा. वॉर्डात फार्मासिस्टने कागद तपासावा. घरी जाताना आईला 'एक चमचा' न सांगता मापाच्या सिरिंजवर खूण करून दाखवावे.

पण खरी अडचण अधिकाराची आहे. मुलाच्या सर्वांत जवळ आई आणि सिस्टर असतात, डॉक्टरांना "हा डोस बरोबर आहे ना?" असे विचारण्याची मुभा मात्र दोघींनाही नसते. सिस्टरने विचारले तर उद्धटपणा, आईने विचारले तर अडाणीपणा! सलग ड्यूटी करून थकलेल्या निवासी डॉक्टरलाही खरे तर या प्रश्नाचा आधारच आहे.

आपल्या गटांनी रुग्ण कल्याण समितीत हा विषय लावून धरावा. डोसबद्दल शंका असेल तर खुलासा होईपर्यंत औषध थांबवण्याचा अधिकार सिस्टरला लेखी मिळावा, आणि आईच्या प्रश्नाला तिच्या भाषेत उत्तर मिळावे. दोष कोणाच्या माथी मारायचा, हे ठरवून मुले वाचत नाहीत.