लांब शब्दांची दादागिरी

फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर 'इंट्रो' होतो. नाव, गाव, बारावीचे मार्क. मग एखादा सीनियर वहीतला शब्द फेकतो, "स्पेलिंग सांग!" आमच्या विंगमध्ये तो शब्द होता फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. अक्षरे २९. अर्थ, एखाद्याला कवडीमोल ठरवणे. जत तालुक्यातून, मराठी माध्यमातून आलेला माझा रूममेट चौथ्या अक्षरावरच अडकला. सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर महिनाभर त्याने वर्गात एकही शंका विचारली नाही. मेकॅनिक्सची गणितं मात्र निम्मी विंग त्याच्याकडूनच समजून घ्यायची!

सीनियरला शब्दाचा अर्थ नुसता पाठ नव्हता, तो करूनही दाखवत होता.

मला स्वतःला असले शब्द आवडतात, हे कबूल करतो. २०१८ साली शशी थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची घोषणा करताना हाच शब्द वापरला आणि लोक डिक्शनरी उघडून बसले. पण फोड केली तर आत निघतं काय? लॅटिनमधले चार शब्द : लोकरीचा पुंजका, फुटकळ वस्तू, काहीच नाही आणि केस. पैकी एकालाही किंमत नाही, म्हणून चौघांना जोडून 'किंमत शून्य'. १७४१ सालच्या एका इंग्रजी पत्रात तो सापडतो. आपण 'कस्पटासमान लेखणे' म्हणतो. त्यांनी लोकर घेतली, आपण कस्पट घेतलं. आहे काय त्यात एवढं?

दुसरा दादा ४५ अक्षरांचा. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. हा तर १९३५ साली अमेरिकेतल्या कोडेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच बनवला. डॉक्टर लोक सरळ सिलिकोसिस म्हणतात. पीएलमध्ये एका रात्री मी तो कागदावर तोडून रूममेटला दाखवला. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, पुढचं अतिसूक्ष्म, मग सिलिका, ज्वालामुखी, कोनिओ म्हणजे धूळ, शेवटी विकार. तो म्हणाला, "म्हणजे खडी क्रशरवर होतो त्यो खोकला की रं! एवढ्यासाठी एवढं लांब?" त्याचे चुलते क्रशरवर होते. पाठ करणाऱ्या आम्हा कुणालाच त्या शब्दात माणूस दिसला नव्हता.

दहावीला संस्कृत घेऊन समासाचा विग्रह केलेल्या पोराला हे अवघड नाही. आपल्या शेजारी वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. तिथं हेच उलट बाजूने चालायचं. परका शब्द सोडवायचा आणि मराठीत बांधायचा. (त्यातलेही काही शब्द घशात अडकतात, ते सोडा.)

आणि खेळायचंच म्हटलं तर स्क्रॅबलचा बोर्ड १५ घरांचा. आपला २९ अक्षरी पैलवान त्यावर मावतच नाही! तिथं जिंकतात ते दोन-तीन अक्षरी चिल्लर शब्द पाठ असणारे. वर्डलला पाच अक्षरं पुरतात. जीआरईमधूनही सुटे विरुद्धार्थी शब्द २०११ सालीच गेले, आता वाक्यात अर्थ लागावा लागतो. तरी सीनियरच्या पिवळ्या पडलेल्या याद्या पेटीतून पेटीत फिरताहेत. ओरलला आपण अडकतो ते 'सेट', 'गेट', 'पुट अप' असल्या बारक्या शब्दांच्या वाक्यात. त्यांचा सराव कोण घेतो? सरांनाही विनंती, ट्यूटोरियलला पोरगं मराठीत गव्हर्नर समजावून सांगत असेल तर आधी ऐकून घ्या, इंग्रजी नंतर दुरुस्त करा.

पुढच्या जुलैत नवीन बॅच येईल. इंट्रो व्हायचाच असेल तर स्पेलिंग नको. शब्द भिंतीवर लिहा, एक मिनिटात फोड करा, घरच्या बोलीत अर्थ सांगा. आणि पहिला नंबर सीनियरचा.