फादर लमेत्र यांचे पथ्य
विज्ञानाने आमच्या धर्मग्रंथावर शिक्कामोर्तब केले, असे कुणी म्हणू लागले की मला फादर जॉर्ज लमेत्र आठवतात. बेल्जियमचे हे कॅथलिक धर्मगुरू गळ्याभोवती पांढरी पट्टी लावून लूव्हाँ विद्यापीठात शिकवत. विश्व प्रसरण पावते आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून मांडले. १९३१ मध्ये त्यांनी ‘आदिम अणू’ची कल्पना पुढे आणली; महास्फोट सिद्धांताचे मूळ तेच. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये विज्ञान अकादमीपुढे बोलताना या नव्या विश्वशास्त्रात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धांत म्हणजे काही श्रद्धेचा पुरावा नव्हे. तो नास्तिकालाही तितकाच मोकळा असला पाहिजे, असे ते मानत. रोज मिस्सा अर्पण करणाऱ्या माणसाने हे म्हणावे, याचे मोल मला फार वाटते. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाविषयीच्या, खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे असा कौल दिला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही आता ते नाव पूर्ण छापावे.