डब्यातल्या गोट्या

मुलांनो, परवा मी वर्गात एक गंमत केली. मोबाइलवर एक आवाज लावला आणि म्हटलं, "ओळखा पाहू, कशाचा आवाज?" आधी नुसतीच मोटारीची घरघर. मग घरघर वाढली आणि तिच्यात एक बारीक आवाज मिसळला, कडकड-किणकिण. माझी मुलं चौथीतली. एकजण म्हणाला, "बाई, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवतंय." दुसरी म्हणाली, "नाही हो बाई, फोडणीत मोहरी तडतडतेय!"

गंमत म्हणजे अमेरिकेतले मिस्त्रीसुद्धा या आवाजाला डब्यातल्या गोट्यांचीच उपमा देतात. कारण हा आवाज तिथूनच आला होता. माझा भाऊ डेट्रॉईटजवळ राहतो. हे मोटारींचं गाव. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, सातवीत आहे. तिनेच तो मला पाठवला आणि लिहिलं, "आत्या, हा आवाज मला ऐकू येतो, पण शेजारच्या आजोबांना येत नाही. ते म्हणतात, मला भास होतो. आता काय करू?"

या आजोबांकडे १९६७ सालची पॉन्टिॲक जीटीओ आहे. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं, की झाली पैलवान गाडी! आपली मारुती ८०० आठवते? तिचं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे लिटरभरसुद्धा नाही. जीटीओचं साधारण ६.६ लिटरचं. मारुतीची आठ इंजिनं एकत्र केली तरी याची बरोबरी होत नाही! दर रविवारी आजोबा ही गाडी बाहेर काढतात आणि भाचीला फेरी मारून आणतात. उन्हाळा लागला आणि तो आवाज सुरू झाला.

आजोबांना तो का ऐकू येत नव्हता? त्यांची सारी नोकरी कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या यंत्रांशेजारी गेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं, की कानाचं नुकसान होतं, आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज. माणसाला इंजिनाची घरघर छान ऐकू येते, गोट्या मात्र येत नाहीत. आजोबा खोटं बोलत नव्हते आणि भाचीही खोटं बोलत नव्हती.

भाचीच्या आग्रहाखातर आजोबांनी एका मिस्त्रीला विचारलं. त्याने गाडी उभी ठेवूनच कान लावला आणि सांगितलं, "टॅपेट असतील. इंजिन उघडावं लागेल." खर्च ऐकून आजोबांनी विषयच बंद केला.

मी भाचीला लिहिलं, "बाळ, आवाज येतो एवढंच सांगू नकोस. केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, ते वहीत लिही." पुढचे तीन रविवार ती पट्टा बांधून, मांडीवर वही घेऊन गाडीत बसली. तिने काय लिहिलं, बघा:

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन रेस केलं: आवाज नाही. टॅपेट वाजत असते, तर उभ्या गाडीतही टकटक झाली असती.

सकाळी इंजिन थंड असताना: आवाज नाही. इंजिनाजवळ धुराच्या नळीचा जोड फुटला असता, तर थंडपणीच जास्त टिकटिक झाली असती. तापल्यावर लोखंड फुगतं, फट बुजते आणि आवाज कमी होतो.

वेगात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला: आवाज लगेच बंद. चाकं तर तेवढ्याच वेगाने फिरत होती. म्हणजे दोष चाकांत नाही.

इंजिन तापलेलं, हायवेचा चढ, पाय दाबलेला: आवाज हटकून!

आहे की नाही हुशार? एकही पाना हातात न घेता तिने तीन संशयित सोडून दिले. राहिलं एकच कारण. आपले मिस्त्री त्याला म्हणतात, "इंजिन नॉकिंग करतंय."

म्हणजे काय होतं? सायकलला हवा भरताना पंप खालून गरम लागतो ना? हवा दाबली की तापते. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण असंच दाबलं जातं. या जीटीओत तर पावणेअकरा पट! मग प्लगची ठिणगी पडते आणि आग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते, गवताच्या गंजीला लागावी तशी. दट्ट्या खाली ढकलला जातो आणि गाडी पळते. पण मिश्रण फार तापलं, तर लांबच्या कोपऱ्यातलं पेट्रोल आग पोचायची वाट बघत नाही. ते आपोआपच पेटतं, आणि तेही एकदम. भुईनळा लावायला जावं आणि लवंगी फुटावी, तसं! त्या धक्क्याने नळकांड्याची भिंत वाजते. त्याच आपल्या गोट्या. हे फार दिवस चालू राहिलं, तर दट्ट्या फुटतो आणि इंजिन कामातून जातं.

पण आजोबांना पटवायचं कसं? जे ऐकूच येत नाही, त्याचा पुरावा काय द्यायचा? मी इथल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "प्लग काढून बघायला सांगा, बाई." भाचीने आजोबांची विनवणी केली. तेवढं काम त्यांना घरीच जमत होतं. गाडी थंड झाल्यावर त्यांनी प्लग काढला, चष्मा लावला आणि भिंग धरलं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडावी तसे बारीक ठिपके होते, काही काळे, काही चकाकणारे. चकाकणारे ठिपके म्हणजे दट्ट्याच्या ॲल्युमिनियमचे कण! आजोबा खूप वेळ बघत राहिले. मग भाचीला म्हणाले, "तुझे कान खरे. माझं चुकलं."

आता कारण शोधायचं. संशयित दोन होते. पहिला, पेट्रोल. आजोबा गेलं वर्षभर सगळ्यांत स्वस्त पेट्रोल भरत होते. तिथल्या पंपावर पेट्रोलला नंबर असतात. साधं ८७ आणि महागातलं ९१ ते ९३. नंबर जितका मोठा, तितकं ते आपोआप पेटायला अवघड. दुसरा संशयित, टायमिंग. पिकप वाढावा म्हणून पूर्वी कुणीतरी ठिणगी जरा लवकर पडेल असं करून ठेवलं होतं.

आजोबा म्हणाले, "दोन्ही एकदमच बदलू." भाचीने मान हलवली. दोन्ही एकदम बदललं, तर गुण कशाने आला ते कळणार कसं? मग त्यांनी आधी टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली आणि ९३ नंबरचं पेट्रोल भरलं. गोट्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी आजोबांनी टायमिंग पुस्तकात दिलेल्या खुणेवर आणलं. पुन्हा तोच चढ, तसंच तापलेलं इंजिन, तसाच दाबलेला पाय. गोट्या बंद!

आता एक जुनी गोष्ट सांगते. १९६७ साली ही गाडी नवी असताना पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळत. त्याने नॉकिंग थांबतं, हा शोध अमेरिकेत थॉमस मिज्ली यांनी १९२१ साली लावला. पण शिसं हे विष आहे. गाडीच्या धुरातून ते हवेत जाई आणि सगळ्यांत जास्त बाधे लहान मुलांना. त्याने मेंदूची वाढ बिघडते. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगात सर्वांत शेवटी ते अल्जीरियात बंद झालं, २०२१ साली. जुनी गाडी कुरकुरली तरी चालेल, मुलांची डोकी शाबूत राहिली पाहिजेत, हो ना?

नव्या गाड्यांच्या इंजिनावर एक छोटा सेन्सर असतो. त्याला नॉकिंग कळलं, की कॉम्प्युटर लगेच ठिणगी थोडी उशिरा पाडतो. गाडीला जणू कानच! १९६७च्या जीटीओला असे कान नाहीत आणि आजोबांचे थकलेले. म्हणून सातवीतल्या मुलीचे कान कामी आले.

आणि मुलांनो, एखादी गोष्ट तुम्हाला दिसली किंवा ऐकू आली आणि मोठ्यांनी "काही नाही रे, भास असेल" म्हटलं, तर रुसून बसू नका. वही काढा. केव्हा, कुठे, किती, ते लिहा आणि मग दाखवा.

या आठवड्याचा उद्योग: तुमची किंवा मित्राची सायकल कुठेतरी वाजतच असेल. पायडल मारताना वाजते, की नुसती उतारावर सोडली तरी वाजते? चाकाच्या दर फेरीला एकदा, की पायडलच्या दर फेरीला एकदा? रस्ता मोकळा बघूनच करा हं! चार ओळी लिहा, संशयित सोडत जा आणि गुन्हेगार सापडला की मला पत्राने कळवा. वाट बघते.

तुमच्या बाई