कोयत्यालाही म्यान हवे

तलवारीला म्यान असते. संग्रहालयात गेलात तर पात्यापेक्षा म्यानावरच्या मखमलीकडेच लोक अधिक वेळ पाहत उभे राहिलेले दिसतात. ज्या पात्यावर महाराष्ट्राची साखर उभी आहे, त्या उसाच्या कोयत्याला मात्र म्यान नाही. आमच्या भागात त्या वस्तूला शब्दसुद्धा नाही. कोकणात निदान कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माणूस झाडावर चढतो. आमच्याकडे तो जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळतात आणि बोचक्यात खुपसतात. गावाहून फडापर्यंतचा प्रवास तो असाच करतो, भांडी, ज्वारी, अंथरुणे आणि लेकरे यांच्यामध्ये बसून.

मी बीड जिल्ह्यातला. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणजे एक हत्यार नव्हे, एक जोडपे. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. दोन जिवंत माणसांना हत्याराचे नाव द्यायचे आणि हत्याराला साधी खोळही द्यायची नाही, हा आमच्या भाषेचा आणि व्यवहाराचा मासला आहे.

दोन वर्षांपूर्वी ट्रॉलीत चढताना आईच्या पोटरीत बोचक्यातून बाहेर आलेले कोयत्याचे टोक घुसले. सात टाके पडले. जखम भरेपर्यंत ती कोपीत बसून होती आणि त्या दिवसांचे खाडे हिशेबात लागले. मी त्या वेळी इथे वसतिगृहात ‘साहित्य आणि समाज’ या विषयाची टिपणे काढीत होतो. टिपणे चांगली उतरली होती, एवढे आठवते.

म्यान करायचे तेव्हाच ठरवले. पहिला प्रयत्न ट्रकच्या जुन्या ट्यूबचा. कोयत्याच्या आकाराचे दोन तुकडे कापले, कडेने सुतळीने शिवले. तिसऱ्या दिवशी धारेने सुतळी कापली आणि कोयता पुन्हा मोकळा! शिवाय आत ओल राहून पाते तांबूस झाले. ते घेऊन मी कॉलेजच्या रस्त्यावर पत्र्याच्या टपरीत गटईचे काम करणाऱ्या मामांकडे गेलो. ‘ते घेऊन’ म्हणजे म्यान घेऊन. कोयत्याचा नुसता आकार मी वर्तमानपत्रावर काढून नेला होता. अलीकडे पुण्याच्या ‘कोयता गँग’च्या बातम्या इतक्या वाचल्या आहेत की पिशवीत कोयता घेऊन एस.टी.त बसायचा धीर होईना. वास्तविक २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचे निर्बंध सांगताना घरकामाची आणि शेतीची अवजारे वगळली आहेत. पण हे चौकातल्या हवालदाराला समजावून सांगण्याइतके माझे वक्तृत्व तयार नाही. वादविवाद मंडळाच्या सचिवांनी ही बाब मनावर घ्यावी.

मामांनी म्यान उलटसुलट पाहिले आणि विचारले, “धार कुठं टेकती?” मी दोऱ्याकडे बोट दाखवले. “मग दोरा तुटंल नाही तर काय हुईल?” एका प्रश्नात सगळे आले. दोन तुकड्यांच्या मध्ये, धारेच्या कडेने, जाड पट्टी घालायची आणि टाके त्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाने घ्यायचे; म्हणजे धार पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. त्यांनी आणखी सांगितले की कोयत्याचे टोक वळलेले, तेव्हा तो तलवारीसारखा सरळ आत सरकणार नाही. म्यान पाठीकडून उघडे ठेव, कोयता धारेकडून आत बसव आणि वरून पट्टे आवळ. जुन्या चपलेचे चामडे वापरू का, असे विचारले तर म्हणाले, चामडे पाणी पिते, लोखंडाला गंज देते. तुझा कोयता दवात भिजणार.

मग सामान असे जमले: वसतिगृहाच्या खानावळीतला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, त्याचे प्लॅस्टिक आतून, ट्रकची ट्यूब बाहेरून, मधल्या पट्टीला कमरेचा फाटका पट्टा, दुहेरी करून, आवळायला जुन्या दप्तराचे बंद, त्यांच्या बकलांसह. कॅन साबणाने तीन वेळा धुतला तरी म्यानाला अजून शेंगदाणा तेलाचा वास येतो, आणि पात्याला त्याचा अपाय नाही. टोकाशी पाणी निथळायला एक भोक. आरी मामांची, मेण लावलेला नायलॉनचा दोरा मामांचा. अर्धे टाके माझे. ते कोणते हे लांबूनही ओळखता येतात. विकत घेतला तो फक्त दोरा, आणि मामांनी त्याचेही पैसे घेतले नाहीत.

सुट्टीत म्यान घरी नेले. अण्णांनी कोयता आत बसवला, पट्टे आवळले, म्यान धरून जोराने झटकले. कोयता हलला नाही. ते काही बोलले नाहीत. बोलली ती चुलती: “पोराला कालेजात घातलं ते चांभारकी शिकाया का?”

या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सर्वांनी अभिमान मिरवला. स्नेहसंमेलनात ती घालून आपण पोवाडेही म्हणतो. पण तिला टाका घालणारा हात आपल्या ओळखीचा निघाला की आपली जीभ अशी घसरते. चुलतीचे शिक्षण झालेले नाही, असे म्हणून सुटता येईल काय? वसतिगृहात मी आरी धरून बसलो असता पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या मित्रानेही तेच म्हटले होते, फक्त शुद्ध मराठीत. मामांकडे चप्पल द्यायला आपण रोज जातो. त्यांना काही माहीत असेल आणि ते विचारावे, असे आपल्या मनात येत नाही. मलाही सुतळी तुटेपर्यंत आले नव्हते.

आमच्या एका सरांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला टाळता येत नाही. ते म्हणाले, “तू भंगारातून म्यान शिवलेस, कौतुक आहे. पण हत्यार, हातमोजे, औषधपाणी ही ज्याने द्यायची त्याची जबाबदारी तू आपल्या अंगावर घेतलीस. उद्या तो म्हणेल, कामगारांची मुले हुशार आहेत, करतील त्यांचे ते.” सरांचे म्हणणे खरे आहे. जो कोयत्यामागे उचल देतो त्याने कोयत्यामागे म्यानही द्यावे, आणि ते मागितले पाहिजे. माझे म्यान त्या मागणीला उत्तर नव्हे. पण मागणी मान्य होईपर्यंत ट्रॉली थांबत नाही. चढणारी पोटरी माझ्या आईची आहे. आणि मला असेही वाटते की म्यान हातात असले म्हणजे मागणे सोपे जाते. “काहीतरी सोय करा” असे म्हणण्यापेक्षा “हे असे द्या” म्हणता येते.

गेल्या हंगामात ते म्यान फडावर जाऊन आले. ट्यूब एका जागी झिजली आहे, टाके शाबूत आहेत. टोळीतल्या चौघांनी अण्णांकडे चौकशी केली. आईला विचारले, तुला कसे वाटले? ती म्हणाली, “चांगलं हाय. माझ्या कोयत्याला कधी करतूस?”

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. एका कोयत्याचे दोन कोयते असतात; वाढे छाटायचा तिचा वेगळा आहे आणि तो अजून चिंधीतच आहे. आकार कागदावर काढून आणला आहे. खानावळीतला तेलाचा कॅन येत्या आठवड्यात रिकामा होईल, असे महाराज म्हणतात.