'ऑफ'ची घोकंपट्टी आता पुरे!

मंडळी, स्पर्धा परीक्षेची गाइडं कधी चाळलीत? 'पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणे, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे, सी ऑफ म्हणजे निरोप देणे...' पानंच्या पानं! करा पाठ. याला शिकवणं म्हणत नाहीत, छळ म्हणतात. आणि तो आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांना सगळ्यात जास्त सोसावा लागतो. घरी भिली नाहीतर पावरी, शाळेत मराठी, इंग्रजी तिसरी. 'लांबणीवर टाकणे' हेसुद्धा त्यांना पाठच करावं लागतं! पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, घोकणंही वाढलं.

वर सांगतात, याला काही नियमच नाही. साफ खोटं. 'ऑफ' म्हणजे सुटणं, अलग होणं. विमान जमिनीपासून सुटतं, टेक ऑफ. शर्टाचं बटण तुटतं, कम ऑफ. पाहुणा एसटीत बसून आपल्यापासून दूर जातो, सी ऑफ. सभा ठरल्या दिवसापासून सरकते, पुट ऑफ.

यावर हमखास येणारा प्रश्न: दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो, मग गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो कसा? अहो, मराठीत गोळी 'सुटते' ना? इंग्रजीत बंदूकही 'गोज ऑफ'च. अडवून धरलेलं सुटलं की बार उडतो. जुन्या चावीच्या घड्याळात गजराची स्प्रिंगही अशीच अडवलेली असते, वेळ झाली की सुटते. दिव्याचा मात्र विजेशी संबंध तुटतो. दोन्हीकडे सुटणंच आहे, फक्त काय सुटलं ते बघायचं.

(गंमत म्हणजे एका एफचा, 'चा-ची-चे'वाला ऑफ आणि हा दोन एफचा, मूळचे एकच. वाटणी सतराव्या शतकापर्यंत पक्की झाली. असो.)

'शो ऑफ'सारखे काही हट्टी निघतात, ते करा पाठ. पण त्या दोन-चारांपायी सगळ्यांनाच शिक्षा का?

मराठी माध्यमाच्या पोरांना हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपली भाषा ऐकावी. खाऊन टाक, लिहून ठेव, बोलून बसला. यात टाकणं कुठे आणि बसणं कुठे? आमच्या अहिराणीतही 'खाई टाक' आहेच. चार वर्षांचं पोर यादी न घोकता हे बिनचूक वापरतं. आणि 'आज ऑफ तास आहे' असं ओरडत मैदानावर पळणाऱ्याला 'ऑफ' कळत नाही म्हणता?

शिक्षक मित्रांनो, एकच तास द्या. फळ्यावर 'ऑफ' लिहा आणि पोरांनाच विचारा, काय कशापासून सुटलं? गाइड त्या दिवशी कपाटात राहू द्या.